ऑइल जास्त कोणी घातलं?

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी दुसऱ्याच दिवशी धूर सोडायला लागली, तर तुम्ही सगळ्यात आधी कोणावर चिडाल? मेकॅनिकवरच ना? मीही त्याच्यावरच चिडले. नुसती चिडले नाही, त्याच्या गॅरेजमध्ये उभी राहून चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नको ते बोलले. पुढे काय झालं ते आज तुम्हाला सांगणार आहे. त्यात गाडीचंही थोडं आहे आणि घरातल्या माणसांचंही.

आम्ही बडोद्याचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, असं तीन पिढ्यांचं चाललेलं. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. एका कारखान्यात मेंटेनन्सला चौतीस वर्षं फिटर होते. घरातला नळ गळू दे, मिक्सर अडू दे, आप्पा पाना-पकड घेऊन हजर. वय एकाहत्तर, पण गाडी अजून तेच जास्त चालवतात. लेकीला संध्याकाळी स्केटिंगच्या क्लासला नेणं-आणणं हे त्यांचं काम. येताना अंधार पडलेला असतो.

नाशिकला भाच्याची मुंज होती. नवरा कामावरून परस्पर तिकडे पोचणार होता. म्हणजे सासूबाई, लेक, आप्पा आणि मी असे चौघं गाडीने निघणार होतो. सुरत, सापुताऱ्याचा घाट आणि नाशिक, असा साडेतीनशे-चारशे किलोमीटरचा रस्ता. अर्धा मी चालवायचा, अर्धा आप्पांनी. शुक्रवारी पहाटे निघायचं, म्हणून मंगळवारी गाडी सर्व्हिसिंगला दिली. नेहमीचंच गॅरेज, नेहमीचाच मेकॅनिक. ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, एअर फिल्टर साफ केला, ब्रेक बघितले. संध्याकाळी गाडी घरी.

बुधवारी दुपारी बाजारात गेले, तेव्हा सिग्नलला थांबल्यावर काहीतरी करपल्यासारखा वास आला. वाटलं, बाजूच्या रिक्षाचा असेल. गुरुवारी सकाळी गाडी चालू केली तर मागून निळसर धूर निघाला. इंजिनही रोजच्यासारखं मोकळं वाटेना. छातीवर ओझं घेऊन जिना चढावा, तसं चालत होतं.

मी बॉनेट उघडलं. मला गाडीतलं फार कळत नाही, पण डिपस्टिक बघायला आप्पांनीच शिकवलं होतं. ते तिला गेज म्हणतात. पिवळ्या कडीची ती लांब पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची. तिच्यावर दोन खुणा असतात. खालची कमीत कमी, वरची जास्तीत जास्त. ऑइल या दोन्हींच्या मध्ये हवं. माझ्या पट्टीवर ते वरच्या खुणेच्याही कितीतरी वर गेलेलं. दोन खुणांमध्ये जेवढं अंतर असतं, जवळजवळ तेवढंच आणखी वर.

डोकंच फिरलं. उद्या पहाटे लहान मुलीला आणि दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन घाट चढायचा आणि याने ऑइल असं डोळे मिटून ओतलंय!

गॅरेजमध्ये

जास्त ऑइलने काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी वाटायचं, जरा जास्त असलं तर चांगलंच की. पण तसं नसतं. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारी एक टाकी असते. गॅरेजवाले तिला चेंबर म्हणतात. तिच्या वरच क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेऱ्या फिरत असतो. ऑइलची पातळी फार वर गेली की तो शाफ्ट ऑइलमध्ये बुडून त्याला घुसळायला लागतो. रवीने ताक घुसळल्यावर जसा फेस येतो, तसा फेस. फेस म्हणजे हवा. पंप मग ऑइलबरोबर हवाही ओढतो, आणि जिथे ऑइलचा पातळ थर हवा तिथे बुडबुडे पोचतात. शिवाय जास्तीचं ऑइल वाफाऱ्यांबरोबर इंजिनाच्या हवेच्या वाटेत शिरतं आणि जळतं. निळा धूर त्याचाच. असं बरेच दिवस चाललं तर ऑइल सील गळायला लागतात, सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. म्हणजे ऑइल कमी असणं जितकं वाईट, तितकंच फार जास्त असणंही वाईट.

हे सगळं मला त्या दिवशी मेकॅनिकनेच सांगितलं. पण आधी त्याने माझं ऐकून घेतलं. मी म्हटलं, पैसे घेता तर काम तरी बघून करा, पोरांच्या हातात गाडी सोपवून चहा पीत बसता. आणखीही बरंच काही. त्याने मध्ये तोंड घातलं नाही. मी थांबले तेव्हा एवढंच म्हणाला, "ना बेन, में त्रण लिटर ज नाख्युं छे." तीनच लिटर घातलंय.

आमच्या गाडीला फिल्टरसकट साधारण तीनच लिटर लागतं. मग हे वरचं आलं कुठून?

त्याने गाडी सपाट जागेवर घेतली, इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिला. मला वाटलं टाळतोय. पण चालू इंजिनात ऑइल वरपर्यंत फिरत असतं, ते खाली उतरायला वेळ लागतो. त्याआधी बघितलं तर पातळी खोटी दिसते. मग त्याने पट्टी काढली, ऑइलचा थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. पेट्रोलचा वास नव्हता. काही वेळा पेट्रोल न जळता ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. रंग दुधाळ नव्हता. इंजिनातलं कूलंट ऑइलमध्ये मिसळलं तर ते चहासारखं गढूळ दिसतं. त्याने कूलंटची बाटलीही बघितली, पाणी जागच्या जागी होतं. थेंब कसा होता? स्वच्छ, मधाच्या रंगाचा. म्हणजे जुनं काळं ऑइल आत राहून गेलं, असंही नव्हतं.

मग एक स्वच्छ भांडं खाली ठेवून त्याने ड्रेन प्लग उघडला आणि सगळं ऑइल काढून मापाने मोजलं. पावणेचार लिटरच्या आसपास भरलं. फिल्टरमध्ये राहिलेलं वेगळंच. मंगळवारचा तीन लिटरचा रिकामा डबा त्याने कोपऱ्यातून शोधून माझ्यापुढे ठेवला.

"बेन," तो म्हणाला, "तीन लिटरच्या डब्यातून चार लिटर निघत नाही. कोणीतरी वरून एक लिटर घातलंय."

माझा तरीही विश्वास बसला नाही. त्याने तेच ताजं ऑइल गाळून हवं तेवढं परत भरलं, इंजिन दोन मिनिटं चालवलं, थांबवलं, पुन्हा पट्टी बघितली. पैसे घेतले नाहीत. मीही आभार मानले नाहीत. फणकाऱ्यातच घरी आले.

बाल्कनीतली बाटली

कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले. तिथे आप्पांचं एक लाकडी खोकं असतं. खिळे, वॉशर, तारा, सगळा संसार. त्यात एक लिटरची ऑइलची रिकामी बाटली धुऊन उलटी ठेवलेली होती. शेजारी पाण्याची बाटली कापून केलेलं नरसाळं. ती ऑइलची बाटली मी ओळखली. लांबच्या प्रवासात लागली तर असावी म्हणून आम्ही ती डिकीत ठेवत होतो. कधीच फोडली नव्हती.

आप्पा पेपर वाचत होते. हल्ली ते पेपर खिडकीपाशी नेऊन वाचतात. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "आप्पा, गाडीत ऑइल घातलंत का तुम्ही?"

"मग? घालायलाच हवं होतं," ते म्हणाले. "काल सकाळी गेज काढून बघितला तर कोरडा. त्या पोराने काय घातलं होतं देव जाणे. मी म्हटलं, तू उगीच त्याच्याशी भांडशील, म्हणून बोललो नाही. पाव लिटर घातलं, थांबलो, बघितलं, तरी कोरडा. पुन्हा पाव लिटर. असं करत करत बाटली संपली. नंतर शेवटी जरासं ओलं दिसलं."

त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं का? एकदम ओतलं नाही. थोडं घालून, थांबून, पुन्हा बघून, अगदी नियमाने केलं. चौतीस वर्षांच्या फिटरसारखं.

मी म्हटलं, "चला ना आप्पा, एकदा परत बघू."

भर दुपार होती. खाली कंपाउंडमध्ये लख्ख ऊन. आप्पांनी पट्टी काढली, फडक्याने पुसली, आत घातली, पुन्हा काढली आणि उन्हात आडवी धरली. ऑइल वरच्या खुणेच्या एक सूत खाली होतं. मला चार पावलांवरून दिसत होतं.

"बघ," आप्पा म्हणाले. "आहे कुठे तेल?"

एक थेंब पट्टीवरून ओघळला आणि त्यांच्या अंगठ्यावर पडला.

ते थांबले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. मग पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? त्यांनी पट्टी हळूच जागेवर घातली, बॉनेट लावलं आणि फडक्याची नीट घडी केली. जिन्यात म्हणाले, "ताजं तेल फार पातळ रंगाचं असतं गं. काळं झालं की दिसतं मला."

खरंच आहे ते. नवं ऑइल इतकं फिकट असतं की चकचकीत पट्टीवर तुम्हा-आम्हालाही पटकन दिसत नाही. पण त्यांना भर उन्हात दिसलं नव्हतं.

जे समोर होतं ते

त्या दुपारी सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात बसलो, तेव्हा एकेक गोष्ट जुळायला लागली. गेल्या दिवाळीपासून आप्पा म्हणत होते की हल्लीचे बल्ब पूर्वीसारखा उजेड देत नाहीत. हॉलमधले दोन बल्ब त्यांनी बदललेही. रात्री समोरून गाडी आली की म्हणायचे, लोकांनी दिव्यांचा काय तमाशा मांडलाय. पांढऱ्या ताटलीत भात किती उरलाय ते त्यांना कळत नसे. आम्ही हसायचो. आणि रोज संध्याकाळी माझी मुलगी त्यांच्या शेजारी बसून अंधारातून घरी येत होती.

"मला वाटत होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "पण ते ऐकतात कुठे? आणि गाडी काढून घेतली तर माणूस बसून काय करेल, याचीच मला भीती."

ती भीती मलाही होती. म्हणून तर मीसुद्धा कधी नीट विचारलं नव्हतं.

मी त्यांना काही सांगायच्या आधीच संध्याकाळी आप्पांनी गाडीची किल्ली फ्रिजवरच्या वाटीत आणून ठेवली. म्हणाले, "नाशिकला तूच चालव सगळी. मी शेजारी बसतो. क्लासला आज रिक्षाने जातो आम्ही." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि त्या पोराला तू काही बोललीस का?"

मी हो म्हटलं. मोजकंच सांगितलं, तरी पुरेसं होतं.

"मग आधी तिकडे चल," आप्पा म्हणाले.

गॅरेज बंद व्हायची वेळ झाली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आप्पाच पुढे झाले. "भाई, ऑइल मी घातलं होतं. मला दिसलं नाही," इतकंच म्हणाले. स्वतःच्या कामाबद्दल कधी कोणाचा शब्द ऐकून न घेतलेला माणूस! मेकॅनिक क्षणभर गप्प झाला. मग त्याने बिलबुकातला एक कोरा कागद फाडला, आमच्याच गाडीची पट्टी काढून त्यावर टेकवली आणि आप्पांना दाखवली. कागदावर ऑइलचा डाग उमटला, अगदी खुणेपर्यंत. "काका," तो म्हणाला, "माझे उस्तादही म्हातारपणी असंच बघायचे. पट्टीवर नाही दिसलं तर कागदावर दिसतं."

मग मी माफी मागितली. त्याच चार माणसांसमोर मागायला हवी होती, पण ती आता तिथे नव्हती. तो म्हणाला, "बेन, तुम्ही लगेच आलात हे चांगलं झालं. तसंच घाट चढला असतात तर?"

मुंजीनंतर

नाशिकहून आल्यावर आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. डॉक्टरांनी समजावलं की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर गढूळ आणि पिवळसर होत जातं. हे इतकं हळू होतं की माणसाला स्वतःला कळत नाही. त्याला वाटतं बल्बच मंद झालेत. फिक्या रंगांतला फरक मिटत जातो, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. नंबर बदलून ते जात नाही, शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावं लागतं. आधी उजवा डोळा झाला, काही आठवड्यांनी डावा. दोन्ही वेळा त्याच दिवशी घरी आलो. नंतर थेंब घालायचं वेळापत्रक आप्पांनी मशीनच्या मेंटेनन्स चार्टसारखं भिंतीवर लावलं होतं.

पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? ट्यूबलाइट. "ही एवढी पांढरी होती?" म्हणाले. मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "तुझे केस कधी इतके पिकले?" त्यावर सासूबाई जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. या मी त्या मेकॅनिककडून आणि आप्पांकडून शिकले.

• सर्व्हिसिंगनंतर गाडी ताब्यात घेताना पट्टी तिथेच, तुमच्या समोर काढून दाखवायला सांगा. नवा फिल्टर स्वतःत थोडं ऑइल ओढून घेतो, म्हणून इंजिन एक-दोन मिनिटं चालवून, बंद करून, पाच-दहा मिनिटं थांबून बघायचं. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन गरम असताना बघायचं की थंड असताना, ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही नव्या गाड्यांत पट्टीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. तिथेही पुस्तिका वाचा.

• ताजं ऑइल दिसत नसेल तर पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवा. दोन्ही बाजूंनी वेगळं दिसलं तर कमी दाखवणारी बाजू खरी धरा, कारण पट्टी काढताना नळीला लागलेलं ऑइल एका बाजूला वर पसरतं.

• पातळी कमी दिसली तर पाव लिटर घालून, थांबून पुन्हा बघा. पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचं घाला. आणि घालण्याआधी घरात विचारा, आधी कोणी घातलंय का! पातळी वरच्या खुणेच्या फार वर दिसली तर गाडी तशीच पळवू नका, जास्तीचं काढून घ्या.

• दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली डाग पडलाय का ते बघा. कधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो. मग ऑइल गळून पातळी झपाट्याने उतरते. कधी ड्रेन प्लगचा जुना वॉशर साथ देत नाही. आणि डॅशबोर्डवरचा लाल तेलाच्या चंबूचा दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालताना लागला तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा; घर जवळच आहे, असं म्हणू नका.

पाचवी गोष्ट गाडीची नाही. घरातलं कोणी बल्ब बदलायला लागलं, पेपर खिडकीपाशी न्यायला लागलं, रात्रीच्या दिव्यांवर चिडायला लागलं, तर हसू नका. विचारा. आम्ही एक लिटर ऑइल वाया जाईपर्यंत थांबलो. त्याहून मोठं काही गेलं नाही, हे आमचं नशीब.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आप्पांनी पुन्हा गाडी हातात घेतली. आता फक्त दिवसा, आणि हा नियम त्यांनीच केला. क्लासहून येताना रिक्षा. दर रविवारी सकाळी ते नातीला घेऊन बॉनेट उघडतात. परवा मी वरून बघत होते. लेकीने पट्टी पुसून आत घातली, काढली आणि कागद शोधायला लागली.

"कागद कशाला?" आप्पा म्हणाले. "वरच्या खुणेच्या दोन सूत खाली आहे. बघ नीट."

तिने नीट बघितलं. तरीही कागद लावला. मग म्हणाली, "बरोबर आहे आजोबा. दोन सूत."